अंबाडकर मॅडमचा दुष्काळ

पुण्याला मुलाकडे राहायला आल्यापासून मी भांडखोर ठरले आहे. सोसायटीतल्या बायका संध्याकाळी बाकावर बसतात, मीही जाऊन बसते. परवा त्यातली एक उसासा टाकून म्हणाली, "पूर्वी कसं, इथे नुसती झाडंच झाडं होती, नाही?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "पाह्यलं काय तुमी?" बाई एवढीशी झाली. बाकीच्या माझ्याकडे बघायला लागल्या. घरी आल्यावर सून म्हणाली, "आई, जरा गोड बोलत जा ना." आता हिला काय सांगू, की ते वाक्य माझं नव्हतंच. ते अंबाडकर मॅडमचं होतं, मला त्यांच्यापासून लागलंय.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायची आणि विमल अंबाडकर वनस्पतीशास्त्र. वर्षानुवर्षं आम्ही एका डब्यातलं जेवलो, एकमेकींची आजारपणं काढली, पण 'विमल' मी कधी म्हटलं नाही आणि त्यांनीही मला नावानं हाक मारली नाही. शेवटपर्यंत मॅडम आणि मॅडमच. बुटक्या, काळ्यासावळ्या, तेल लावून घट्ट वेणी घातलेल्या. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि तिच्याखाली कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये पैसे असोत नसोत, औषधाच्या रिकाम्या बाटल्या हमखास असायच्या. का, तर वाटेत कुठे चांगला चिखल दिसला तर!

पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेत आल्या त्याच मुळी बादली घेऊन.

"मॅडम, ॲसिड पायजे."

"कोणतं?"

"काच खाते ते."

"आणि हे काय आणलंत?"

"जंगल."

मी बादलीत वाकून पाहिलं. "मले तं नुसता गाळ दिसून राहिला."

"तुमाले गाळ दिसते म्हणून तं ॲसिड पायजे न," त्या म्हणाल्या आणि बादली माझ्या स्वच्छ पुसलेल्या ओट्यावर ठेवून दिली.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढे शेकडो पोरांना सांगितलं. फुलातून जी पिवळी धूळ उडते ना, पराग, त्याच्या एकेका कणाचं कवच फार चिवट असतं. झाड मरतं, पानं कुजतात, पण तळ्यात पडलेला परागकण गाळात बसून राहतो. त्यावर पुढच्या वर्षीचा गाळ, त्यावर त्याच्या पुढचा. जेवढं खाली जाल तेवढं जुनं. ॲसिडनं माती-रेती खाऊन टाकली की कण तेवढे उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजायचे, की या थरात साग किती, धावडा किती, गवत किती. त्यावरून तेव्हा तिथे काय उगवत होतं, पाऊस कसा होता, रान दाट होतं की विरळ, सगळं काढता येतं. मॅडम मोजत बसायच्या आणि मी नाकाला पदर लावून ॲसिड ओतायची. माझा त्या शास्त्राशी संबंध एवढाच.

मोजल्याशिवाय त्या कशावरच विश्वास ठेवत नसत. एप्रिल लागला की आमच्या स्टाफरूममध्ये रडगाणं सुरू व्हायचं, असं ऊन बाप्पा कधीच नव्हतं! मॅडम डब्यातून मान वर करायच्या. "पाह्यलं काय तुमी?" एकदा भूगोलाचे सर चिडले, म्हणाले, म्हणजे तुमाला तापमानवाढ मान्य नाही की काय? "मान्य काहून नसन? वाढूनच राहिलं. पण कवापासून न किती, ते मोजून सांगा. नुसते रडू नका." सर दोन दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी. मॅडमच्या ते लक्षातही आलं नाही.

अकोल्याला जठारपेठेत माझ्या मोठ्या दिरांनी घर बांधायला काढलं, तेव्हा भूमिपूजनाला मी मॅडमना घेऊन गेले. चूक माझीच म्हणा. गुरुजी मंत्र म्हणताहेत, दीर-जाऊ पाटावर बसलेत आणि या बाई पायाच्या खड्ड्यात उतरलेल्या! खालून माती काढून बोटांवर चोळताहेत, जिभेला लावून पाहताहेत. गुरुजींचा मंत्र अडखळला. दिरांनी घाबरून विचारलं, "काय हो मॅडम, जमिनीत काही वाईट आहे काय?"

"वाईट नाई. इथून नदी गेलती कधीकाळी. गाळ आहे हा."

"बाप्पा! म्हणजे घर बुडते काय?"

"नाई हो. आता ते तिकडं सरकली. वापस या लागलीच तं सांगून येईन, घाई नसते तिले."

जाऊबाईंनी नंतर गुपचूप जास्तीची एक शांत करून घेतली. मॅडमना मात्र पुढे कित्येक वर्षं त्या घरचं दिवाळीचं फराळ पोचत राहिलं, कारण गुरुजींपेक्षा यांनीच जमीन नीट पाहिली असं दिरांचं ठाम मत झालं.

त्यांचं माहेर फुलवाल्यांचं. बडनेऱ्याच्या अलीकडे वडिलांचं वावर होतं. त्यात शेवंती, निशिगंध आणि सगळ्यात जास्त झेंडू. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून मॅडम वडिलांजवळच राहायच्या. वडील नामदेवराव, त्यांना त्या 'बा' म्हणायच्या. ऐंशीच्या घरातला ताठ म्हातारा, डोक्याला पांढरी टोपी. लेकीचं शास्त्र त्यांना कितपत कळत होतं देव जाणे, पण तिचं भाषण कुठेही असलं की पहिल्या रांगेत पहिल्या खुर्चीवर बसलेले असायचे. मला ते 'मॅडमबाई' म्हणायचे. "मॅडमबाई, आमच्या विमलनं धुळीवर नाव काढलं. आमी जनमभर थेच धूळ झटकत रायलो." हे त्यांनी मला निदान वीसदा ऐकवलं असेल आणि दरवेळी तितक्याच कौतुकानं हसले असतील.

आता मुख्य गोष्ट सांगते.

मेळघाटात सेमाडोहच्या पुढे एक जुनी पाणथळ जागा आहे. तिथला गाळ खोल आहे, कोणी उपसलेला नाही. वनखात्याच्या परवानगीसाठी मॅडमनी चपला झिजवल्या आणि एका वर्षी पावसाळा संपता संपता परवानगी मिळाली. मी सोबत गेले. गाळ काढायचं त्यांचं गिरमिट होतं, लांब दांड्याचं, टोकाला अर्धी नळी. ते दाबत खाली न्यायचं, फिरवायचं, की नळीत गाळाचा अखंड तुकडा भरून येतो. तो काढून ठेवायचा, गिरमिट बादलीत धुवायचं, पुन्हा त्याच्या खालचा तुकडा. असं चार-सहा दिवसांचं काम. मध्येच दसरा आला.

दसऱ्याच्या सकाळी बघतो तर एसटीनं नामदेवराव हजर! हातात थैली, थैलीत घरचे झेंडूचे हार. मॅडम म्हणाल्या, "बा, इतक्या लांब काहून आले?"

"म्हणजे? दसऱ्याच्या दिवशी अवजारले उपाशी ठेवतं काय?"

आमच्याकडे त्या दिवशी विळ्या-कुदळीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग गिरमिटानंच काय घोडं मारलं? बांनी ते ओट्यासारख्या एका खडकावर आडवं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. काम सुरू करायची वेळ झाली तसा त्यांनी हार काढला. देवाचं फूल पायदळी जाऊ नये, म्हणून तो जवळच्या बादलीतल्या पाण्यात सोडला. सगळे ज्या रीतीनं करतात त्याच रीतीनं. मग आम्ही कामाला लागलो. दुपारी जेवणं झाल्यावर कोणीतरी बादली रिकामी करून नाल्याचं ताजं पाणी भरलं. मॅडम त्या दिवशी खूप खुशीत होत्या. मीही होते.

त्या गाळानं मॅडमचं नाव झालं. वर आणि खाली साग, ऐन, धावडा, सगळं भरलेलं रान. पण मधल्या एका पट्ट्यात झाडं जवळपास गायब आणि नुसते काटेरी कण, सूर्यफुलाच्या कुळातले. सोनकी, सहदेवी अशी जी झुडपं उघड्या माळावर वाढतात त्यांच्या जातीचे. अर्थ सरळ होता. हजारो वर्षांमागे मेळघाटातलं जंगल एकदा वाळून गेलं होतं, कित्येक पिढ्यांचा दुष्काळ पडला होता आणि नंतर ते परत आलं होतं. बाहेरच्या प्रयोगशाळेतून थरांच्या वयाचा दाखला आला. लेख छापून आला, परदेशातल्या लोकांनी वाखाणला. वर्तमानपत्रात फोटो आला. बांनी तो काच लावून बैठकीत टांगला.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. एका सभेत रस्त्यासाठी झाडं तोडण्याचा विषय निघाला, तर एक पुढारी उठून म्हणाला, अहो आपल्याच अंबाडकर मॅडमनी शोध लावला आहे, की जंगल आपलं जाते न आपलं येते, मग रडता काहून? टाळ्या पडल्या. मॅडम घरी येऊन जेवल्या नाहीत. "असं म्हटलं होतं काय मी?" एवढंच विचारत राहिल्या.

त्यानंतरच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या पोरांना पराग दाखवायचा होता. मॅडम सकाळी वावरात हार ओवून आल्या होत्या, बोटं पिवळीधमक. सोपं पडतं म्हणून त्यांनी बोटच काचपट्टीवर झटकलं आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. थोड्या वेळानं माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, जरा येऊन पाहा."

मी डोळा लावला. काटेरी गोळे. इतकी वर्षं ॲसिड ओतून मलाही ते ओळखू यायला लागले होते. मी म्हटलं, "हां, हे तुमच्या दुष्काळातले."

"नाई," त्या म्हणाल्या. "हे माह्या बोटावरचे."

मी पुन्हा पाहिलं. आकार तोच, काट्यांची ठेवण तीच. अख्ख्या वऱ्हाडातल्या रानझाडांच्या परागाच्या पट्ट्या या बाईकडे होत्या, बाभळीपासून बेलापर्यंत. झेंडूची तेवढी नव्हती. झेंडू परदेशातून आलेलं फूल, हजारो वर्षांमागच्या गाळात ते असणारच कुठून, म्हणून बनवायची गरजच पडली नव्हती. आणि घरच्या फुलाकडे कोण सूक्ष्मदर्शकातून पाहतं?

त्या स्टुलावर बसल्या. मेळघाटात त्या दसऱ्याच्या सकाळी कितव्या खोलीपासून काम सुरू केलं होतं ते त्यांना तोंडपाठ होतं. दुष्काळ नेमका तिथेच सुरू होत होता. बादली बदलल्यावर पहिला तुकडा कुठला होता तेही आठवत होतं. दुष्काळ तिथे संपत होता. हाराचं पाणी, त्यात धुतलेलं गिरमिट, बस्स. झेंडूचे कण इतके चिकटले होते की मोजणीत सागा-धावड्यांचा हिस्सा आपोआप नगण्य झाला.

"कित्येक पिढ्यांचा दुष्काळ म्हणलं होतं मी," मॅडम म्हणाल्या. "पूजेपासून जेवणापर्यंतचा निघाला."

आणि हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. मी या बाईला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी आपला चहा मागवला.

खरं सांगते, मी त्यांना म्हटलं, "सोडा हो. दोन वर्षांत रिटायर होता. कोण विचारते?"

"मी विचारून राहिली न."

"मग वरच्या वर लिहा, की नमुना खराब झाला. झालं."

"कशानं खराब झाला ते लिहा लागते, मॅडम. नाई तं पुढचा माणूस पुन्हा तेच करन." मग त्या म्हणाल्या, "ते मी सांगीन. पण बाले नाई कळू द्याचं. बैठकीत फोटो आहे त्याच्या. माह्या हारानं पोरीचं जनमाचं काम बुडवलं असं मनाले लावून घेईन तो. या वयात नाई झेपाचं त्याले."

त्यानंतरचे काही महिने त्या वावरात कमी आणि कॉलेजात जास्त राहिल्या. घरी गेल्या की बा विचारायचे, पोरी, तोंड काहून उतरलं? त्या म्हणायच्या, पेपर तपासणं चालू आहे. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं फार केविलवाणं असतं. मला बघवत नसे.

शेवटी आमच्याच कॉलेजच्या सभागृहात अमरावती-अकोला दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांचं संमेलन होतं, तिथे त्यांनी सांगायचं ठरवलं. लेखाची दुरुस्ती पाठवून झालीच होती, पण म्हणाल्या, ज्या लोकांनी टाळ्या वाजवल्या त्यांना तोंडानं सांगितलं पाहिजे. बांना घरीच सांगून ठेवलं होतं, "आज कंटाळवाणं आहे, येऊ नका." मी सभागृहात शिरले तर पहिल्या रांगेत पहिल्या खुर्चीवर पांढरी टोपी! मॅडमनी मंचावरून ती पाहिली. मला वाटलं, आता या विषय बदलतात.

नाही बदलला. सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मेळघाटातल्या ज्या दुष्काळाबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं तो पडलाच नव्हता. जंगल गेलं होतं याचा माझ्याकडे काही पुरावा नाही, माझं नाव घेऊन कोणी तसं म्हणू नये. मग पडद्यावर दोन चित्रं दाखवली, गाळातला कण आणि झेंडूचा कण. दसरा, हार, बादली, सगळं सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही. मी टोपीकडे बघायचं टाळत होते.

अकोल्याहून आलेले एक भूगर्भशास्त्राचे सर उठले. चांगल्या मनाचा माणूस, पण अचूकपणाची हौस. "मॅडम, नोंदीसाठी विचारतो. हार घातला कोणी? म्हणजे, बाहेरचं कोणी होतं का कामाच्या ठिकाणी?"

मॅडम म्हणाल्या, "हार मीच घातला होता. बादलीतही मीच टाकला. चूक माझी आहे."

तेव्हा पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली.

"नाई जी," बा उभे राहून म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हार म्या घातला व्हता. पाण्यात म्या टाकला. इचा हात नाई लागला त्याले."

"बा, बसा न," मॅडम म्हणाल्या. माईक चालूच होता.

"काहून बसू? इतक्या लोकाइत आपली चूक सांगून राहिली तू, न माह्यासाठी खोटं बोलून राहिली? तोंड उतरलं व्हतं थे याच्यापायी व्हय? मले घरीच सांगाचं न पोरी."

 मॅडमनी माईक जवळ ओढला आणि भूगर्भवाल्या सरांकडे पाहून म्हणाल्या, "दुरुस्ती. हार माझ्या वडिलांनी घातला होता. कामाच्या जागी घालू दिला मी." सरांनी मान डोलावली आणि खाली बसले. त्या बिचाऱ्यांचेही डोळे भरून आले होते.

बा मात्र बसले नाहीत. त्यांनी सगळ्या सभागृहासमोर, वावरातल्या कामाचं विचारावं तसं विचारलं, "मंग आता पुन्हा खंदा लागन न? कवा जाचं?"

"दिवाळीनंतर," मॅडम म्हणाल्या. "तुमी येसान?"

"येतो न. रिकाम्या हातानं येतो."

लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. मी तिन्ही केलं.

दिवाळीनंतर ते खरंच निघाले. माझं सामान तेव्हा पुण्याला निघालं होतं, म्हणून निरोपाला मी वावरात गेले. दारात जीप उभी होती. मॅडमनी बांना ओट्यावर बसवलं होतं, दुकानातून आणलेला, वावराची हवा न लागलेला कोरा सदरा घालायला लावला होता, जुनी टोपी काढून घेतली होती. आता साबण लावून त्या त्यांचे हात घासत होत्या. नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. आयुष्यभर फुलं तोडलेले ते हात, पिवळेपणा काही केल्या जाईना, आणि मॅडम पुन्हा पुन्हा साबण लावत होत्या. बा लहान लेकरासारखे हात पुढे करून बसले होते.

"झालं," शेवटी मॅडम म्हणाल्या. "आता कशालेच हात लावू नका."

बा उठले. दोन्ही ओले हात खांद्यांच्या वर धरून, कशालाही शिवू न देता, ते जीपपर्यंत चालत गेले. मॅडमनी दार उघडलं आणि कमरेला धरून त्यांना वर चढवलं.